किन्नरच्या सीटवरून
(मालट्रकमधली दैनंदिनी : भाग दुसरा)

सोमवार, कळंबोली ते महाड

गाडी भरण्यात कळंबोलीला दिवस कसा गेला ते मागच्या अंकात सांगितलं. अंधार पडल्यावर एकदाची निघाली. माल लोट्याच्या औद्योगिक वसाहतीसाठी, रिकामे ड्रम. ताडपत्री फुगलेली आणि वजन नावाला. ड्रायव्हर पाटण तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागलो आहे. किन्नर, म्हणजे क्लीनर, नाही. भाड्यात परवडत नाही म्हणून मालकाने तो कधीच बंद केला. त्याची सीट मला मिळाली आणि तिच्याबरोबर कामही. "डाव्या अंगाचं तुमी बगायचं," पनवेल सोडतानाच मामांनी बजावलं. "आरसा समदं दावत न्हाई."

मुंबई-गोवा रस्ता म्हणजे कुठे चौपदरी काँक्रीट, कुठे एकाएकी जुना दुपदरी डांबरी, तर कुठे मातीतून वळवलेला तुकडा. काँक्रीटवर मामा गप्प असतात. दुपदरी सुरू झाला की त्यांचे हात बोलू लागतात.

समोरून येणाऱ्या गाडीचे रात्री नुसते दोन दिवे दिसतात. गाडी किती रुंद आहे, माल किती बाहेर आला आहे, काही कळत नाही. म्हणून जवळ आलं की मामा दिवा खाली घेतात आणि उजवा इंडिकेटर लावतात. समोरचाही लावतो. माझी कड इथवर आहे, एवढंच त्यातून सांगायचं असतं. दोन पिवळे दिवे हातभर अंतराने एकमेकांना ओलांडून गेले की दोघांचेही इंडिकेटर बंद. शहरातून पहिल्यांदा इकडे गाडी घेऊन आलेल्याला वाटावं, हा आता आपल्या अंगावरच वळतोय.

डिपरचं, म्हणजे दिवा क्षणभर चमकवण्याचं, व्याकरण वेगळं. एकदा मारला तर दिवा खाली घे. घाईघाईने दोन-तीनदा मारला तर थांब, मी येतोय. युरोप-अमेरिकेतले ट्रकवाले हाच दिवा चमकवतात तो ओव्हरटेक करणाऱ्याला ‘तुझं शेपूट सुटलं, ये आता आत’ असं सांगायला. आणि तो मागचे दिवे लुकलुकवून आभार मानतो. तिकडे त्या उजेडाने जागा दिली जाते, आपल्याकडे मागितली जाते, खरं तर घेतलीच जाते. तिकडे राहणारा भाचा-पुतण्या सुट्टीत येऊन कोकणात गाडी चालवणार असेल तर त्याला हे विमानतळावरच सांगून ठेवावं.

महाडला सावित्रीचा पूल ओलांडताना मामांनी हॉर्न वाजवला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एसट्या आणि इतर गाड्याही. जवळच्या गॅरेजातल्या माणसांनी रस्त्यावर धावत येऊन मागच्या गाड्या अडवल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. मामा त्या रात्री कोलाडहून महाडकडे येत होते. कुणी अडवण्याच्या आधीच ते कडेला थांबले होते म्हणे. का, विचारलं.

"समोरनं एक बी गाडी येईना. पाच मिन्टं, धा मिन्टं. मंग म्हनलं, पुढं कायतरी झालंय."

मंगळवार, महाड ते हातखंबा

कशेडीला आता बोगदा झाला आहे, दोन किलोमीटरच्या आसपास लांबीचा. घाटात जिथे तास मोडायचा तिथून मिनिटांत बाहेर पडलो. मामांना त्याचं कौतुक आहे. जुन्या घाटाबद्दल त्यांनी एकही हळवा शब्द काढला नाही, याची मी मुद्दाम नोंद करतो, कारण मी तो काढायच्या बेतात होतो.

लोट्याला ड्रम उतरवले. चिपळूणपुढे दिवसाउजेडी दुपदरीचा मोठा तुकडा लागला आणि इथे आजची शिकवणी झाली. जड गाडीच्या मागे सापडलेल्याला पुढचं काही दिसत नाही, सगळं दिसतं ते जड गाडीच्या ड्रायव्हरला. म्हणून मागे एसटी किंवा टेम्पो ताटकळला की मामा आधी लांबवर बघतात, गाडी थोडी डावीकडे घेतात आणि डावा इंडिकेटर लावतात. म्हणजे निघ. समोरून काही येत असेल तर उजवा. म्हणजे दम धर. निघून जाणारा दोन आखूड हॉर्न देतो, एसटीवाला असेल तर स्टिअरिंगवरची चार बोटं उचलतो. इंडिकेटर नीट नव्हते तेव्हा हेच काम खिडकीबाहेरचा हात करायचा. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत तो हात चक्क लिहिलेला होता: उजवा हात बाहेर आडवा काढून अर्धवर्तुळात मागेपुढे फिरवला की मागच्याने पुढे जावं. आज आपण जिला ट्रकवाल्यांची खुणांची भाषा म्हणून कौतुकाने बघतो, तिचा निदान हा एक शब्द तरी राजपत्रातला होता.

पण इंडिकेटरचं एक दुखणं आहे. मामा सांगतात की उत्तरेकडच्या पुष्कळ गाड्या उजवा इंडिकेटर देतात तो ‘उजवीकडून जा’ म्हणून. आपल्याकडे नेमका त्याचा अर्थ ‘येऊ नको’. आणि तिसरा अर्थ पुस्तकातला: गाडी खरोखरच उजवीकडच्या ढाब्यावर वळते आहे. एकच दिवा आणि तीन अर्थ, त्यातल्या दोन अर्थांत माणूस मरतो. म्हणून मामा आधी पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचतात, मग इंडिकेटर.

मी जरा वाद घातला. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर समोरच्या लेनमध्ये घुसायचं म्हणजे आपला जीव त्याच्या डोळ्यांवर टाकायचा. त्याची नजर चुकली तर? मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी परवानगी देनारा कोन? मला दिसतं त्येवढं सांगतो. बगून जायाचं त्याचं त्यानं." मला वाटतं, सगळ्या खुणांची किल्ली या वाक्यात आहे. पुढची गाडी साक्ष देते, निकाल मागच्याने लावायचा. अपघात होतात ते साक्षीलाच निकाल समजणाऱ्यांचे. आणि असे बहुतेक जण मोटारींत बसलेले असतात, कारण त्यांना वाटतं ट्रकवाल्याने आपल्याला वाट ‘दिली’.

संगमेश्वरच्या अलीकडे समोरच्या ट्रकवाल्याने भरदिवसा दिवे चमकवले आणि डोक्यावर तळहात थोपटला. टोपी. पुढे पोलीस किंवा आरटीओ उभे आहेत. मामांचे कागद चोख, गाडी रिकामी, घाबरण्यासारखं काही नाही. तरी समोरून येणाऱ्या पुढच्या गाड्यांना त्यांनी ती टोपी पोचवली. हा शिष्टाचार की संगनमत? एखादा दारू प्यालेलाही या खुणेने सुटत असेलच. हे म्हटल्यावर मामांनी विषय बदलला. मीही ताणलं नाही, जेवायचं होतं.

जेवताना एसी केबिनची गोष्ट निघाली. साडेतीन टनांवरच्या मालट्रकांना २०२५ मध्ये वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. नव्याने बनणाऱ्या गाड्यांना. इंजिनच्या धगीवर बसून वैशाखात आठ-दहा तास गाडी हाकणाऱ्यांसाठी हे फार आधी व्हायला हवं होतं. पण काच बंद झाली की खिडकीबाहेरचा हात गेला, असं मी शेजारच्या टेबलावरच्या ड्रायव्हरांना म्हटलं. एक तरुण सरदारजी हसायलाच लागला. मामांनी त्याचं हसणं मराठीत आणलं: "काच खाली घ्यायला काय पैशे पडत्यात व्हय?"

बुधवार, हातखंबा ते मलकापूर, आंबा घाटमार्गे

सकाळी पालीजवळ जांभ्याचे चिरे भरले. तीन ॲक्सलच्या या दहाचाकी गाडीचं मालासकट वजन पूर्वी २५ टनांच्या आत लागायचं, २०१८ मध्ये ते २८.५ टन झालं. खाणीवाल्याचं म्हणणं, अजून एक थर बसतो. मामांचं म्हणणं, घाट तू चढणार आहेस का?

साखरपा सोडलं की आंबा घाट. चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, हा नियम कायद्यातही आहे आणि घाटातही. तो आज पाठीच्या कण्यातून कळला. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा हलवताना आधी मागे सरते. क्लच जळल्याचा वास केबिनमध्ये भरतो. किन्नर असता तर उतरून चाकामागे दगड धरून चालला असता. आता ते भगवंतावर. म्हणून वरून येणारी एसटी वळणाआधीच्या रुंद जागेवर उभी राहिली, तिने एकदा दिवा मारला आणि मामा न थांबता पहिल्या गिअरमध्ये तिच्या अंगाला लागून वर निघाले, तेव्हा त्या ड्रायव्हरने आमचा क्लच वाचवला होता. मामांनी बोटं उचलली. त्यानेही. एसटीतल्या चाळीसेक प्रवाशांना बस उगाच थांबली असं वाटलं असणार.

चारपाच वळणं वर गेलो तर एक ट्रक मधोमध बसलेला, मागचा पाटा तुटून. त्याने केलेली तयारी बघण्यासारखी होती. गाडीच्या मागच्या फाळक्यात करंजाच्या ओल्या फांद्या खोचलेल्या, रस्त्यावर पुढेमागे पन्नास-साठ पावलांवर आणखी फांद्या, मग दगडांची तिरकी रांग, येणाऱ्याला हळूहळू बाजूला सरकवणारी. कायद्याने लागणारा लाल त्रिकोण त्याच्याकडेही असेल. असला तर केबिनच्या पेटीत. फांदीला चोर नाहीत.

मामांनी मला खाली उतरवलं आणि हातात लाल फडकं दिलं. "वरच्या वळनाला जावा. उतरनारी गाडी दिसली की खालीवर हलवा. खालीवर म्हंजे हळू. आडवं हलवलं तर ती उभीच ऱ्हाईल, मंग आपली बी उभी."

तासभर ते केलं. उतरणाऱ्या ट्रकांपैकी जवळजवळ प्रत्येकाने लांबूनच फडकं वाचलं, इंजिनचा आवाज बदलला आणि गाडी मंद झाली. मोटारींचं वेगळं. एकाने थांबून मला विचारलं, वर्गणी कसली? दोघांनी वेग वाढवला. पुढे काय आहे ते बघायची घाई असावी.

पाटा बांधून तो ट्रक कडेला सरकला. मग मामांनी स्वतः उतरून दगड गोळा केले आणि त्याच्या ड्रायव्हरलाही करायला लावले. एकूणएक. रस्त्यावर विसरलेले दगड रात्रीच्या मोटारसायकलवाल्याचं काय करतात ते त्यांनी दोन शब्दांत सांगितलं. इथे लिहीत नाही. या व्यवहारात मला खुपलेली गोष्ट हीच: दगड मांडताना दहा हात येतात, उचलताना एखादाच.

मलकापूरला मुक्काम. लिहिताना बोटांना फडक्याच्या डिझेलचा वास येतोय.

गुरुवार, मलकापूर ते कोल्हापूर

अंतर थोडं, वेळ फार. उसाचा हंगाम. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर घरभर उंचीचा ऊस, गाण्यांचा आवाज गावभर आणि मागे दिवा एकही नाही. परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम दर हंगामात होते, पट्ट्या चिखलाने झाकतातही दर हंगामात. ट्रॅक्टरवरच्या पोराला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, त्यामुळे त्याच्याशी कसली खूण करणार! मामा त्याच्यामागे मुकाट चालतात, आपले मागचे पार्किंग दिवे लुकलुकते ठेवून, म्हणजे आमच्यामागून येणाऱ्याला तरी कळावं. चिरे उतरवून संध्याकाळी गुळाचे रवे भरले. केबिनमध्ये आता मुंग्या आहेत.

शुक्रवार, कोल्हापूर ते पुणे

सहापदरीकरणाच्या कामातले वळसे सोडले तर रस्ता रुंद, मध्ये दुभाजक. समोरून कोणी अंगावर येत नाही, त्यामुळे कोणाला काही सांगायची गरज नाही. सकाळपासून मामांनी एकदाही बोटं उचलली नाहीत. टोलनाक्यावरही फास्टॅग, २०२१ पासून सक्तीचा. रांगेत उभं राहून ‘पुढं कसं हाय?’ विचारायचं तेही संपलं. खंबाटकीचा बोगदा तर पुण्याकडे जाणाऱ्यांनाच राखलेला. हा रस्ता जास्त सुरक्षित आहे आणि मला कंटाळा आला, दोन्ही खरं.

रात्री कात्रजचा नवा बोगदा संपून नवले पुलाकडचा उतार लागला. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका ट्रकने ४८ गाड्यांना धडक दिली होती. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडायची, मग ब्रेक तापून धरत नाहीत, हे या उतारावरचं जुनं दुखणं. मामांनी गिअर खाली घेतला. मागून एकाने डिपरचा भडिमार लावला. मामा डावीकडे सरले, डावा इंडिकेटर दिला. तो शेजारून गेला, चौदाचाकी, भरलेला. इंजिनचा आवाजच नव्हता.

"न्यूट्रल," मामा म्हणाले.

भरदिवसा दिवे लावून हॉर्न दाबून धरलेला ट्रक म्हणजे ब्रेक गेलेला ट्रक, ही खूण मोटारवाल्यांनाही कळते. पण हा बाबा गप्पच चालला होता, त्याचे ब्रेक अजून शाबूत असावेत. मामांनी त्याच्या वतीने हॉर्न दाबला आणि सोडलाच नाही. पुढच्या तीन-चार मोटारी बाजूला झाल्या. एकीची काच खाली आली आणि आतल्या गृहस्थांनी मामांना आईवरून शिवी दिली. चौदाचाकी तोवर पुढे निघून गेला होता, त्याचे मागचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. ब्रेक धरत होते.

मामांनी हॉर्न सोडला तो नवले पूल गेल्यावर. मार्केट यार्डात पहाटे गूळ उतरेल. परतीचा माल सोलापूर रोडचा मिळाला तर पुढचा भाग तिकडून.