पंधरा वर्षांची घाई

प्राचीन रोमचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो याच्यावरच्या रॉबर्ट हॅरिस यांच्या कादंबरीत्रयीत 'लस्ट्रम'नंतर 'डिक्टेटर' यायला सहा वर्षं लागली. मधल्या काळात त्यांनी हेज फंडावर एक आणि द्रेफ्यूस प्रकरणावर एक कादंबरी लिहून काढली. अस्मादिक मात्र रोममध्येच अडकून पडले होते. सिसेरो हद्दपार झालेला, मागे शत्रू लागलेले, आणि पुढचं पान थेट २०१५मध्ये! पुस्तक हाती आलं त्या दिवशी फोन बंद करून बैठक मारली. शंभरेक पानांनंतर फोन पुन्हा चालू झाला.

चटक लावली होती ती 'इम्पेरियम'ने (२००६). इसवी सनपूर्व ७०मधला, सिसिली लुटणाऱ्या सुभेदार वेरेसवरचा खटला. बचावाचा वकील हॉर्टेन्सियस तारखा लांबवतोय, कारण नव्या वर्षी खटला आपल्या माणसांच्या हाती जाणार. सिसेरो रिवाजाचं लांबलचक भाषण गुंडाळतो आणि थेट साक्षीदार उभे करतो. निकालाआधीच वेरेस पसार! कोर्टकचेरीच्या तारखा पाहिलेल्या मराठी वाचकाला यातली मजा वेगळी सांगायला नको. 'लस्ट्रम' (२००९) तर टायबर नदीतून काढलेल्या गुलाम पोराच्या प्रेतापासून सुरू होते आणि बघता बघता रोमची सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलिनाच्या कटात शिरते.

'डिक्टेटर'मध्ये इसवी सनपूर्व ५८ ते ४३ अशी पंधरा वर्षं कोंबली आहेत. त्यातली बरीच वर्षं नायक जागेवरच नाही. सीझर गॉल जिंकतो तेव्हा सिसेरो आधी हद्दपारीत, पुढे दूर सिलिशियात सुभेदार. यादवी युद्धातली फार्सालसची निर्णायक लढाई होते तेव्हा तो दूर डिर्राकियमला. पत्र येतं, बातमी येते आणि त्याचा लघुलेखक तिरो ती आपल्याला सांगतो. थरार संपून वृत्तान्त सुरू होतो.

शेवट माहीत होता, हे कारण नव्हे. तो विश्वास पाटलांच्या 'पानिपत'चाही माहीत असतो. तरी ती खाली ठेववत नाही.

खरा ऐवज शेवटी आहे. १५ मार्च ४४. सीझरला मारणाऱ्यांनी सिसेरोला कटात घेतलंच नव्हतं, तरी ब्रूटसने खंजीर उंचावून त्याचंच नाव पुकारलं, असा सीझरचा साथीदार अँटनी याचा आरोप. तो नोंदवून ठेवलाय खुद्द सिसेरोनेच, अँटनीविरुद्धच्या 'फिलिपिक' भाषणांत. अशी चौदा भाषणं, सीझरचा एकोणीस वर्षांचा वारस ऑक्टेव्हियन याच्यावर लावलेला डाव, मग त्याच पोराची अँटनीशी हातमिळवणी आणि ठार मारायच्या माणसांच्या यादीत सिसेरोचं नाव. ७ डिसेंबर ४३ला त्याचा खून झाला. डोकं आणि हात फोरमच्या व्यासपीठावर टांगले गेले.

कादंबरी हे सगळं शेवटची लोकल गाठायची असल्यासारखी उरकते. तिसरं पुस्तक या एकवीस महिन्यांवरच बेतायला हवं होतं. आधीची वर्षं म्हाताऱ्या तिरोने दोन प्रकरणांत आटोपली असती, तरी अस्मादिकांची काहीच तक्रार नव्हती.