मेल न येण्याचा अर्थ

छोट्या कार्यालयातल्या सर्व्हरवर लक्ष ठेवायला शेलची दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट आणि क्रॉन बहुतेक वेळा पुरते. क्रॉनची एक जुनी रीत इथे कामी येते. स्क्रिप्टने काही छापले, तर ते ‘मेलटू’मध्ये दिलेल्या पत्त्यावर मेलने जाते, काहीच छापले नाही, तर मेलही जात नाही. म्हणून सगळे सुरळीत असताना स्क्रिप्टने गप्प बसावे. दर पाच मिनिटांनी ‘सर्व ठीक’ कळवणाऱ्या मेलना लवकरच फिल्टर लागतो आणि खरी तक्रारही त्याच फोल्डरात पडून राहते. बिघाड चालू असताना तेच पुन्हापुन्हा कळवणेही तितकेच घातक. मागची स्थिती एका फाइलीत लिहून ठेवावी आणि ती बदलली तरच मेल धाडावा: बंद पडल्याचा एक, सुरू झाल्याचा एक.

वेबसाइट तपासताना पोर्ट उघडे आहे एवढ्यावर समाधान मानू नये. डेटाबेस झोपलेला असतानाही काही साइट २०० हाच कोड देऊन दिलगिरीचे पान दाखवतात. कर्लने वेळेची मर्यादा घालून पान मागवावे आणि नेहमीचा एखादा मजकूर त्यात आहे का, हे ग्रेपने पाहावे.

डिस्कचे दुखणे जास्त फसवे. सेशनच्या लाखो बारीक फाइली साचल्या की आयनोड संपतात. ‘डीएफ -एच’ निम्मी जागा मोकळी दाखवते, पण नवी फाइल काही तयार होत नाही. अशा वेळी ‘डीएफ -आय’च खरे काय ते सांगते. त्यातही मेलची रांग सहसा ‘/व्हार’मध्ये असते, तेच विभाजन तुडुंब भरले, तर डिस्क भरल्याचा मेल रांगेत लागायलाही जागा उरत नाही! त्यामुळे इशारा ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवरच यायला हवा.

मेल आला नाही म्हणजे सगळे ठीक आहे, किंवा स्क्रिप्टच मेली आहे. हाताने चालवताना बिनचूक वाटणारी स्क्रिप्ट क्रॉनमधल्या तोकड्या ‘पाथ’मुळे आज्ञा न सापडून अडते, आणि मेलची व्यवस्थाच नीट लागलेली नसेल तर ते कुणाला कळतही नाही. यावर उपाय असा, की प्रत्येक यशस्वी फेरीच्या शेवटी स्क्रिप्टने एका फाइलीची वेळ ‘टच’ने ताजी करावी आणि दुसऱ्या यंत्राने ती फाइल शिळी झाली का, हे तपासावे. ते दुसरे यंत्र त्याच यूपीएसवर असेल, तर मात्र ही तपासणी कागदावरच राहते.