आलेलं मांजर, आणलेलं मांजर

कोकणात मांजर कुणी आणत नाही, ते येतं. आमच्या आजोळी माळ्यावर एखादी भाटी विणार, पिलांचे डोळे उघडतात न उघडतात तोच त्यांना मानेला धरून कधी लाकडांच्या खोपीत, कधी शेजारच्या पडवीत हलवणार, हे ठरलेलं. मांजरी पिलांना सात घरं दाखवते, असं आजी म्हणायची. त्यातलं एखादं पिल्लू मोठं झालं की आधी मागच्या दारी दिसे, मग चुलीपाशी, मग माजघरात, आणि एके सकाळी कुणाच्या तरी गोधडीत सापडे. पुढे भाताचा घास टाकला जातो की काठी उगारली जाते, हे जोखूनच ते राहायला आलेलं असे.

ब्रीडचं मांजर असं येत नाही. आमची साय आली ती प्लॅस्टिकच्या कॅरियरमध्ये बसून, आई आणि भावंडं मागे ठेवून, पुण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. पर्शियन, फिकट पिवळसर रंगाची, ओंजळीत मावेल एवढी. हे घर तिने पाहिलेलं नव्हतं, माणसं पारखलेली नव्हती, आणि पटलं नाही तर निघून जायची मुभाही तिला असणार नव्हती. खाण्याच्या वेळा आणि शू-शीची जागा तर पिलं भराभर शिकतात. माझ्या मते पिलाला रुळवणं म्हणजे आपण त्याच्याकडून काढून घेतलेली निवड घरातल्या घरात त्याला थोडी थोडी परत देणं.

माणसाजवळ राहायची ही निवड मांजराने फार पूर्वी, स्वतःहून केली. पश्चिम आशियात शेती सुरू झाली, धान्याची कोठारं भरली, त्यांवर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजरं वस्तीत शिरली. सायप्रस बेटावर माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेलं एक मांजर फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना सापडलं. २००४ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला; थडगं सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचं. एवढ्या सहवासात मांजराचं रूप फारसं बदललं नव्हतं. ते मुद्दाम बदलणं सुरू झालं अगदी अलीकडे. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वेअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं. जातींचे निकष ठरले, वंशावळी नोंदल्या जाऊ लागल्या. पुढच्या पिढ्यांत पर्शियनचे केस दाट झाले, तोंड चपटं झालं, नाक आत गेलं. चपट्या तोंडात अश्रूंची नळी दुमडते, म्हणून तिचे डोळे सतत पाझरतात. अरुंद नाकपुड्यांमुळे उन्हाळ्यात धाप लागते. एवढे दाट केस स्वतःच्या जिभेने साफ ठेवणं तिला झेपत नाही. यातलं काहीही निसर्गाने लादलेलं नाही, ते माणसाच्या आवडीपायी तिच्या वाट्याला आलं. त्यामुळे ते निस्तरणंही आपल्याकडेच येतं.

पुण्या-मुंबईच्या बाजारात पर्शियन पिलं चेहऱ्यावरून विकली जातात: डॉल फेस, सेमी पंच, पंच फेस. नाक जितकं आत, तितका भाव वर. आम्ही डॉल फेस घेतलं, कारण श्वास घ्यायला नाक हवं. आणि पिलाच्याही आधी त्याची आई पाहिली. पर्शियनांमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार पिढीजात चालतो. आईबापांपैकी एकात जरी ते सदोष जनुक असलं, तरी प्रत्येक पिलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. या जनुकाची चाचणी गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर होते. वंशावळीच्या कागदाइतकाच हा अहवाल मागून घ्यावा, किंबहुना आधी तो.

वयाचंही तसंच. लहानात लहान पिल्लू आणलं की लळा लवकर लागतो, हा समज आपल्याकडे पक्का आहे. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८०च्या दशकात केलेलं काम वेगळं सांगतं: माणसाची सवय व्हायला कळीचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. म्हणजे पिल्लू आईजवळ असतानाचा. जिथे ते जन्मलं, त्या घरातल्या माणसांनी त्याला या दिवसांत रोज हाताळलं असेल, तर लळ्याचा पाया तिथेच पडतो. चावा किती जोरात घ्यायचा, खेळ कुठे थांबवायचा, हे त्याला भावंडं शिकवतात. ब्रिटनमधली मांजरांची नोंदणी करणारी जुनी संस्था तर तेरा आठवडे आणि लसीकरण पूर्ण झाल्याशिवाय पिल्लू नव्या घरी जाऊ नये, असं सांगते. आम्ही तेवढं थांबलो. त्या थांबण्याचं मोल मला आता रोज दिसतं.

साय आली तेव्हा तिला सगळं घर दाखवलं नाही. दोन बेडरूमचा फ्लॅट आपल्याला आटोपशीर वाटतो. ओंजळभर जिवाला त्याचा अंदाज लागत नाही. मागची लहान खोली तिला दिली. एका कोपऱ्यात पाण्याची वाटी आणि खाणं, समोरच्या कोपऱ्यात लिटरचा ट्रे, कारण जेवणाच्या जागेजवळ घाण करणं मांजराला पटत नाही. लिटर तिच्या पहिल्या घरचंच, बिनवासाचं. तिच्या आईच्या अंगाखालचा जुन्या टॉवेलचा तुकडा मागून आणला होता, तो न धुता ठेवला. आणि पुठ्ठ्याचं एक खोकं, बाजूला दार कापलेलं.

या खोक्याचं महत्त्व नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांपैकी ज्यांना लपायला खोकं मिळालं, त्यांच्यावरचा ताण लवकर उतरला. लपणं हा भित्रेपणा नव्हे; कुणी न पाहता सगळं पाहण्याची ती सोय आहे. साय खोक्यात शिरली आणि आत जाऊन तोंड दाराकडे करून बसली. मुलगी दाराबाहेर पालथी पडून तिला हाका मारू लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, तिला बघू दे ना आधी. तू दिसतेस, आवाज ऐकू येतो, तेवढं पुरे झालं आज.” त्या स्वतः दुपारी त्याच खोलीत खुर्ची टाकून वाती वळत बसत. मांजराकडे बघत नसत, बोलावत नसत. साय घरात सगळ्यात आधी कुणाजवळ गेली असेल, तर त्यांच्याजवळ. पडलेला कापूस तिने पंजाने ओढला, हुंगला, मग त्यांच्या पायाला गाल घासून पुन्हा खोक्यात गेली. मांजराच्या गालात गंधग्रंथी असतात. गाल घासून ते ती वस्तू, ते माणूस आपल्या ओळखीत जमा करतं. इथून पुढे खोलीचं दार उघडं राहू लागलं. कधी कुठवर जायचं, हे तिचं ती ठरवत गेली.

डोळ्यांचीही एक भाषा असते. टक लावून पाहणं मांजराला धमकी वाटतं. उलट पापण्या सावकाश मिटून सावकाश उघडल्या तर ते विश्वासाचं लक्षण मानतं, आणि पुष्कळदा तसंच उत्तर देतं. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे प्रयोगाने तपासलं: असे डोळे मिटणाऱ्या अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळ मांजरं अधिक येत. आमच्याकडे हे लेकीने सगळ्यांत छान आत्मसात केलं. हाका थांबल्या, जमिनीवर बसणं सुरू झालं. पिल्लू रुळताना घरातली माणसंही आपले आवाज, आपली घाई उतरवत जातात, हे मला तेव्हा जवळून दिसलं.

खाण्याचा प्रश्न आमच्या घरात नाजूक होता. सासूबाईंकडे मांसाहार कधीच नाही. मांजराला दूधभात, दूधपोळी, हेच आपल्याकडचं परंपरेचं अन्न. पण दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना ते पचत नाही, आणि त्याहून मोठी गोष्ट टॉरिनची. हे द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही. ते मुख्यतः मांसातून मिळतं. १९७५ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की दुधातल्या केसीन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांतला पडदा टॉरिनअभावी निकामी होतो. १९८७ मध्ये हृदयाच्या स्नायूंचा संबंधही लागला. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ विचार करत होत्या. मग म्हणाल्या, “आपण तिला घरात आणली. आता तिचा धर्म मोडायला सांगणारे आपण कोण?” सायची भांडी वेगळी ठेवली, ओट्यापासून दूर जागा केली, आणि विषय संपला. निवड परत देणं म्हणजे काय, ते त्यांनी मला एका वाक्यात दाखवलं.

विंचरण्याला मात्र पर्याय नाही. तिथे तिची मर्जी सांभाळून काम करून घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी फणी नुसती हुंगायला दिली, मग पाठीवरून एकदा फिरवली, मग खाऊ. काखेत आणि शेपटीच्या मुळाशी गुंता लवकर होतो. शाळेत जाणाऱ्या मुलीची वेणी घालताना आपण शेंड्यापासून सोडवत वर जातो, तसंच इथेही. मुळाशी फणी घातली तर कातडी ओढली जाते, आणि त्या दिवसापासून फणी दिसली की मांजर पळतं. डोळ्यांच्या कडा कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने रोज पुसायच्या, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. पावसाळ्यात केस दमट राहिले तर गजकर्ण होऊ शकतं, तेही आपल्याला चिकटणारं. एप्रिल-मेमध्ये दुपारी पंख्याखालची फरशी तिच्यासाठी मोकळी ठेवायची आणि तोंड उघडून धापा टाकू लागली तर वाट न पाहता डॉक्टर गाठायचे.

मोकळीक देण्याआधी घरातले धोकेही काढावे लागतात. खिडक्यांना आणि बाल्कनीला पक्की जाळी. कबुतर दिसलं की मांजराला उंचीचं भान उरत नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फुलदाणीत लिली नको, तिचा परागसुद्धा अंगावरून चाटला गेला तर मूत्रपिंडं बंद पडतात. कांदा-लसणाची फोडणी घातलेलं उरलंसुरलं तिच्या ताटलीत कधीच नको. एवढं झालं, की मग घर खुशाल तिचं म्हणावं.

ब्रीडचं पिल्लू घ्यायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पर्शियन मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. दहावीतल्या मुलीच्या हट्टाखातर ते आणाल, आणि दोन-तीन वर्षांत ती शिकायला परगावी जाईल. तेव्हा रोज फणी कोण फिरवणार, डोळे कोण पुसणार, मे महिन्यात गावी जाताना कोण मागे थांबणार, हे घरातल्या सगळ्यांनी बसून आधी ठरवा. गावठी मांजराने निदान तुम्हाला निवडलेलं तरी असतं. या जिवाच्या बाबतीत पहिला निर्णय तुम्ही एकट्याने घेतलेला आहे; त्यानंतरचे शक्य तेवढे त्याला घेऊ द्या, आणि जे त्याला घेता येत नाहीत, ते त्याच्या बाजूने घ्या.