कोपनहेगनची ट्राम

१९२३ च्या जुलैत आइन्स्टाइन स्वीडनमधल्या गोथेनबर्गला गेले. नोबेल जाहीर झालं तेव्हा ते जपानच्या वाटेवर होते. राहून गेलेलं व्याख्यान त्यांनी आता इथल्या वैज्ञानिकांच्या परिषदेत दिलं. पारितोषिक प्रकाशविद्युत परिणामासाठी, आणि बोलले ते सापेक्षतेवर! तिथून ते कोपनहेगनला आले. नील्स बोर त्यांना आणायला स्टेशनवर गेले. दोघे ट्राममध्ये बसले, बोलू लागले आणि उतरायचा थांबा कुठच्या कुठे मागे पडला. उतरून उलटी ट्राम धरली, तर पुन्हा तेच. अशा किती खेपा झाल्या, हे पुढे बोर यांनाही सांगता येईना.

कॉलेजात आमच्या सरांनी हे सांगितलं तेव्हा सगळा वर्ग हसला. दोन विसराळू प्राध्यापक, एवढंच आम्हाला त्यात दिसलं.

मग पीएचडी करताना मॅडमबरोबर कोलकात्याच्या परिषदेला निघाले, पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने. नागपूरच्या आधीच मॅडमनी माझ्या एका आलेखावर शंका काढली. मी मागे हटेना, त्याही हटेनात. गोंदिया गेलं, पोळीभाजीचे डबे उघडे तसेच राहिले. समोरचे आजोबा केव्हापासून कासावीस होऊन ऐकत होते. रायपूरला उतरताना त्यांनी पिशवीतले दोन लाडू आमच्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, पोरीला आता रागावू नका. लहान आहे." परिषदेत मला पंधरा मिनिटं मिळाली, प्रश्नांना वेळच उरला नाही. खरी परिषद त्या बर्थवर झाली होती.

तेव्हा ती ट्राम मला कळली. ज्या प्रकाशकणांच्या कल्पनेतून आइन्स्टाइन यांनी तो परिणाम उलगडला, ते कण बोर यांना तेव्हा मान्यच नव्हते. अशा दोघांना थांबा कसा आठवावा?

तेव्हापासून मी असे प्रवास गोळा करते. १९२९ मध्ये हायझेनबर्ग आणि डिरॅक अमेरिकेहून जपानला एकाच बोटीने निघाले. हायझेनबर्ग नाचत, डिरॅक बसून बघत. नाचता कशाला, असं त्यांनी विचारलं. मुली छान असल्या की नाचायला मजा येते, हे उत्तर ऐकून ते बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, पण त्या छान आहेत हे आधी कसं कळतं? हसू येतंच, पण प्रश्न अस्सल डिरॅक यांचा. आणि आपले रामन! १९२१ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यापीठ परिषदेहून 'नारकुंडा' बोटीने परतताना त्यांनी निकोल प्रिझममधून समुद्र पाहिला. पृष्ठभागावरून परावर्तित झालेलं आकाश त्याने गाळलं, तरी निळाई उरलीच. म्हणजे ती आकाशाची उसनी नव्हती. मुंबई बंदरात बोट लागताच 'नेचर'ला पत्र तयार!

पुढे एका परिषदेसाठी मी कोपनहेगनला गेले. तिथल्या जुन्या ट्राम १९७२ मध्येच बंद झाल्या. म्हणून स्टेशनपासून बोर यांच्या संस्थेपर्यंत चालत गेले. शहर इतकं आटोपशीर, की थांबा पुन:पुन्हा चुकायला बोलणंच तेवढं रंगलेलं हवं.

आता पुष्कळ परिषदा पडद्यावर होतात. ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांच्यासाठी हे फार चांगलं झालं, असं मला मनापासून वाटतं. पण जिथे जाणं होतं तिथे माझे विद्यार्थी स्वस्त विमानं शोधतात, वेगवेगळ्या वेळांची. बंगळुरूच्या परिषदेसाठी मात्र मी हट्टाने सगळ्यांची तिकिटं उद्यान एक्स्प्रेसची काढली आहेत, एकाच डब्यात, समोरासमोर. त्यांच्यातल्या दोघांचं एका समीकरणावरून आठवडाभर जुंपलेलं आहे.