एकविसावा माणूस

व्यावसायिक बास्केटबॉलच्या जगात ऑक्टोबर हा आशेचा महिना असतो. अमेरिकेतील एनबीए या सर्वोच्च स्पर्धेतील तीसही संघ या सुमारास आपापली प्रशिक्षण शिबिरे भरवतात. ब्याऐंशी सामन्यांचा प्रदीर्घ मोसम अजून पुढे असतो. एकही सामना झालेला नसतो, म्हणून एकही पराभव झालेला नसतो. गेल्या वर्षी तळाला गेलेला संघ आणि अजिंक्यपद मिळवणारा संघ, दोघेही शून्यावर उभे असतात. अशा वेळी चाहत्याचे मन पेरणी आटोपलेल्या शेतकऱ्यासारखे होते. शेतात दिसत काहीच नाही, तरी तो बांधावर जाऊन उभा राहतो.

एका धर्मगुरूला या खेळाचे एवढे वेड कसे, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. सेमिनरीच्या सिमेंटच्या मैदानावर ते मला लागले आणि पन्नाशी उलटली तरी सुटलेले नाही. आणि या खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ स्वतः ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी होते! १८९१ च्या हिवाळ्यात, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, थंडीमुळे बाहेर खेळू न शकणाऱ्या दांडगट तरुणांना गुंतवून ठेवण्यासाठी त्यांनी सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या, तेरा नियम लिहिले आणि हा खेळ जन्माला घातला. दांडगाईला जागाच राहू नये, म्हणून चेंडू घेऊन धावण्यास त्यांनी मनाई केली आणि लक्ष्य डोक्याच्याही वर नेऊन ठेवले. युवकांमध्ये वावरणाऱ्या प्रत्येकाला या युक्तीचे कौतुक वाटावे.

माझा संघ सॅन अँटोनिओ स्पर्स. टेक्सास राज्यातील या शहराचे नाव म्हणजे आपला सांत अंतोन. १६९१ साली १३ जूनला, पादुआच्या संत अंतोनीच्या सणाच्या दिवशी, स्पॅनिश लोकांची एक तुकडी तेथील नदीकाठी पोहोचली आणि त्या स्थळाला संताचे नाव मिळाले. १७१८ पासून तेथे फ्रान्सिस्कन मिशनरींची केंद्रे उभी राहिली. २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि त्यांतील चार ठिकाणी आजही धर्मग्राम नांदत आहेत. आमच्या घरी आई दर मंगळवारी सांत अंतोनची प्रार्थना म्हणत असे. तेव्हा १९९९ साली हा संघ पहिल्यांदा अजिंक्य ठरल्याची बातमी वाचली, त्या वेळी नवा धर्मगुरू असलेल्या मला ती शेजारच्या गावाचीच वाटली. पुढे २००३, २००५, २००७ आणि २०१४ अशी आणखी चार अजिंक्यपदे आली. पुढच्या काळात संघाची घसरण झाली. २०२२-२३ च्या मोसमात त्याने ब्याऐंशीपैकी अवघे बावीस सामने जिंकले.

पण मला येथे लिहायचे आहे ते २०२३ च्या ऑक्टोबरातील शिबिराविषयी. त्या वर्षीच्या जूनमध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला हक्क स्पर्सला मिळाला होता आणि त्यांनी व्हिक्टर वेंबान्यामा या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच युवकाला निवडले होते. वडील तिहेरी उडीचे खेळाडू, आई बास्केटबॉलपटू. उंची सात फूट चार इंच. एवढ्या उंचीचा माणूस सहसा बास्केटखाली खांबासारखा उभा करतात. हा मात्र बुटक्या खेळाडूच्या चपळाईने चेंडू आपटत धावे आणि दुरून चेंडू टाकून गुण मिळवी. साऱ्या क्रीडाविश्वाचे डोळे त्या शिबिराकडे लागले होते.

शिबिराचे दरवाजे मात्र बंद असतात. सरावाच्या शेवटी थोडा वेळ पत्रकारांना आत घेतात, तेवढीच फट. सॅन अँटोनिओत दुपारचे बारा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. प्रार्थना आटोपून, दिवे मालवून, मी मोबाईलच्या पडद्यावर त्या फटीतून डोकावत असे. त्यातून उमटलेले पहिले ठसे असे होते: उंच मुलगा खरोखरच तितका उंच आहे, संघ अतिशय तरुण आहे, आणि जेरेमी सोहान या सहा फूट आठ इंच उंचीच्या खेळाडूवर, सर्वांना चेंडू पुरवणाऱ्या सूत्रधाराची जबाबदारी टाकून पाहिली जात आहे. प्रयोग धाडसी होता. लग्नाच्या जेवणावळीत नेहमी मांडव घालणाऱ्याला एकाएकी आचाऱ्याच्या जागी उभे करावे, तसा.

हे सारे ज्यांच्या देखरेखीखाली चालले होते, ते ग्रेग पॉपोविच डिसेंबर १९९६ पासून संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. एनबीएच्या इतिहासात साखळी सामन्यांत सर्वाधिक विजय त्यांच्याच नावावर आहेत. संघाच्या खोलीत त्यांनी जेकब रीस या समाजसुधारक पत्रकाराचे पाथरवटाविषयीचे एक वचन लावून ठेवले होते, तेही खेळाडूंच्या निरनिराळ्या मातृभाषांतून. आशय असा, की कितीही घाव घातले तरी दगडावर रेघ उमटत नाही आणि मग एका घावाने तो दुभंगतो. पण ते श्रेय त्या एका घावाचे नसते, आधीच्या साऱ्या घावांचे असते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण दगडाच्या बाजूने म्हणतो. रीस यांनी तीच गोष्ट पाथरवटाच्या बाजूने सांगितली. योगायोग असा, की २०२३ साली संघाचे नवे सरावकेंद्र ज्या परिसरात उघडले, त्याचे नाव ला कांतेरा. स्पॅनिश भाषेत कांतेरा म्हणजे दगडाची खाण.

प्रशिक्षण शिबिर म्हणजे असेच घाव घालणे. ज्यांच्या खेळावर लाखो डॉलर्स उधळले जातात, ते खेळाडू येथे पाय कसे सरकवावेत, हात केव्हा वर करावेत, चेंडू सोडल्यावर कोठे जाऊन उभे राहावे, हे पुनःपुन्हा घोटवतात. त्यात प्रेक्षणीय असे फारसे काही नसते. जपमाळेचा एकेक मणी सरकावा, तसा तो सराव पुढे सरकतो.

परंतु त्या शिबिराची एक दुसरीही बाजू आहे आणि माझे मन हळूहळू तिच्याकडे ओढले गेले. शिबिराच्या काळात संघाच्या यादीत जास्तीत जास्त एकवीस नावे असू शकतात. मोसम सुरू होताना मात्र पंधरा नियमित खेळाडू आणि मुख्य व दुय्यम संघांत ये-जा करणारे तीन, असे अठराच ठेवता येतात. म्हणजे यादी भरलेली असेल, तर किमान तिघांना निरोप द्यावाच लागतो. पहिल्या सात-आठ जागांची चिंता नसते. त्या आधीच ठरलेल्या असतात. खरे शिबिर शेवटच्या जागांसाठी चालते. उंच मुलाच्या छायाचित्रात मागे जो अंधुक चेहरा दिसतो, तो पहाटे उठून सरावाला आलेला असतो आणि आज संध्याकाळी आपले नाव यादीत असेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

यात केवळ नवखेच भरडले जातात असेही नाही. कॅमरॉन पेन हा खेळाडू २०२१ साली फिनिक्सच्या संघातून अंतिम फेरीत खेळला होता. २०२३ च्या उन्हाळ्यात तो स्पर्सकडे आला आणि ऑक्टोबरात, मोसम उजाडण्यापूर्वीच, त्याला मोकळे करण्यात आले. बातमी दोन ओळींची होती. खुद्द पॉपोविच यांनाही हा अनुभव चुकला नव्हता. १९७२ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेचा संघ निवडताना चाचणीला आलेल्या तरुण पॉपोविचना वगळण्यात आले होते. पुढे हाच माणूस २०२१ साली टोकियोत अमेरिकेच्या सुवर्णपदक विजेत्या संघाचा प्रशिक्षक झाला. ज्याच्या हाती नाव खोडण्याची लेखणी आहे, त्याचे स्वतःचे नाव कधीकाळी कोणी खोडलेले असावे, हे मला फार मोलाचे वाटते. त्या लेखणीचे वजन त्याला ठाऊक असते.

हे वाचताना मला आमची सेमिनरीची तुकडी आठवल्यावाचून राहिली नाही. आम्ही एकोणीस जण एकाच जूनमध्ये, एकाच पावसात, पत्र्याच्या ट्रंका घेऊन दाखल झालो होतो. गुरुदीक्षा झाली आठ जणांची. काही स्वतःहून गेले, काहींना ही तुमची वाट नव्हे असे सांगण्यात आले. त्यांत आमचा एक मित्र होता. शेतकऱ्याचा मुलगा, लांब हातांचा, आमच्यातला सर्वोत्तम बास्केटबॉलपटू. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका दुपारी तो आमच्याबरोबर खेळला आणि रात्रीच्या जेवणाला त्याची खुर्ची रिकामी होती. शयनगृहात त्याच्या खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली होती. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी खुर्च्या थोड्या सरकवल्या गेल्या आणि पंगतीतली ती फट बुजली.

फट इतक्या सहज बुजते, याचेच मला त्या वेळी अतोनात दुःख झाले होते.

पुढे तो शिक्षक झाला. शाळेच्या मैदानावर त्याने कितीतरी मुले घडवली. काही वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचे लग्न मी लावले. त्या रात्री मांडवात सर्वांदेखत तो मला म्हणाला, "अरे फादर, तुझा डावा हात माझ्यामुळे तयार झाला हं!" सगळे हसले, पण ते अक्षरशः खरे होते. सरावात तो नेहमी माझ्यासमोर उभा राही आणि माझी उजवी बाजू अडवून धरी. नाइलाजाने मी डाव्या हाताने चेंडू खेळवायला शिकलो. आंतरसेमिनरी सामन्यात माझ्या डाव्या हाताचे कौतुक झाले, तेव्हा तो मैदानावर नव्हता. तो घरी जाऊन वर्ष लोटले होते.

तेव्हापासून शिबिराकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. सरावात प्रत्येक मोठ्या खेळाडूसमोर कोणीतरी उभा असतो. तो त्याला अडवतो, दमवतो, त्याच्याकडून नवी चाल काढून घेतो. बहुधा तो यादीतला विसावा किंवा एकविसावा माणूस असतो. मोसम सुरू होतो, तो निघून जातो; पण त्याचा घाम उरलेल्यांच्या खेळात मुरलेला असतो. दगड फोडणाऱ्या त्या घावांपैकी काही घाव त्याचे असतात. त्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही.

गेलेल्यांपैकी काही जण परततातही. ब्रुस बोवेनला १९९३ साली एकाही संघाने निवडले नव्हते. तो फ्रान्समध्ये जाऊन खेळला, भटकला आणि अखेर स्पर्सच्या तीन अजिंक्यपदांचा आधारस्तंभ ठरला. मानू जिनोबिलीची निवड १९९९ साली सत्तावन्नाव्या क्रमांकावर, म्हणजे जवळजवळ शेवटी झाली होती. २०२३ च्या याच शिबिरात जुलियन शॅम्पेनी हा युवक होता. आठ महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, फिलाडेल्फियाने त्याला सोडून दिले होते. त्या मोसमात तो स्पर्सच्या पहिल्या पाचांत उभा राहून बहुतेक सामने खेळला. या कथा गोड आहेत. परंतु त्या सांगून बाकीच्यांचे दुःख झाकणे मला प्रशस्त वाटत नाही. पुष्कळ जण परतत नाहीत. त्यांचे मोल ते परतण्यावर अवलंबून असू नये.

आणि त्या शिबिरातून उगवले काय? ९ ऑक्टोबरला ओक्लाहोमा सिटीत सरावाचा पहिला सामना झाला. आपल्याकडे १० तारखेची पहाट होती आणि सकाळच्या मिस्साची वेळ जवळ आली होती, त्यामुळे उंच मुलाचे वीस गुण मी न्याहारीच्या वेळी पाहिले. मोसमाच्या प्रारंभी पाचपैकी तीन सामने जिंकले. त्यानंतर सलग अठरा पराभव! सोहानला सूत्रधार करण्याचा प्रयोग मागे घ्यावा लागला. वर्षअखेर विजयांची संख्या पुन्हा बावीसच राहिली, जणू शिबिर झालेच नव्हते. तरीही वेंबान्यामा एकमताने वर्षातील सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला आणि पुढच्या मोसमात विजय चौतीसपर्यंत गेले. दगडावर रेघ उमटू लागली होती. पण ज्यांनी घाव घातले, ते पॉपोविच तोवर मैदानाबाहेर गेले होते. २ नोव्हेंबर २०२४ रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि मे २०२५ मध्ये एकोणतीस मोसमांनंतर त्यांनी मुख्य प्रशिक्षकपद सोडले. त्यांचे सहायक मिच जॉन्सन त्या जागी आले. यादी कोणालाच सोडत नाही, लिहिणाऱ्यालासुद्धा!

आमच्या धर्मग्रामातील मुलांना माझे हे वेड ठाऊक आहे. शिबिराची यादी जाहीर झाली की एखादा तरी विचारतो, "फादर, यंदा संघ कसा आहे?" मी त्याला चष्मा आणायला सांगतो, यादी उघडतो आणि खालून वर वाचू लागतो.