डिस्क आहे, पण कुठे?

रात्रीचे साडेबारा. क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये जुनं विंडोज चढवत बसलोय आणि इन्स्टॉलर म्हणतोय, डिस्कच सापडत नाही. डिस्क म्हणून दिलेली फाइल तर डोळ्यांसमोर आहे! मग ट्यूब पेटली. डिस्क जोडण्याच्या आज्ञेत ‘इफ’ या पर्यायापुढे मी ‘व्हर्टआयओ’ हा आभासी यंत्रांसाठीचा प्रकार लिहिला होता आणि त्याचा ड्रायव्हर या विंडोजकडे नाहीच. तिथे ‘आयडीई’ केलं, डिस्क हजर.

‘इफ’ म्हणजे इंटरफेस. आयडीई, स्कझी, फ्लॉपी, एसडी, पीफ्लॅश, व्हर्टआयओ असे त्याचे खाने. पण आज्ञेच्या त्या एकाच ओळीत दोन प्रश्न गुंतलेत: डेटा यजमान संगणकावर कुठे आहे आणि पाहुण्या यंत्राला तो कोणत्या रूपात दिसावा? दर नव्या उपकरणासाठी नवा खाना पाडत बसायचं का? त्यावर तोडगा म्हणजे ‘इफ’पुढे ‘नन’ लिहिणं. इथे डिस्क नुसती नोंदवायची. ती कशाला जोडायची ते ‘डिव्हाइस’ या पर्यायात वेगळं सांगायचं. पुढे आलेल्या ‘ब्लॉकडेव्ह’ या पर्यायाने ही फारकत पक्की केली.

घरची कागदपत्रं लावतानाही मी फायलीच वाढवत जातो. आज कळलं, आधी प्रश्न वेगळे करावेत. मग खाने फार लागत नाहीत.