दुःखाच्या हाताला काम

नवी एकांकिका बसतेय असं कळलं की पहिला प्रश्न येतो, 'विषय काय?' कॉलेजच्या कट्ट्यावर येतो, परीक्षकांच्या खोलीत येतो. हल्ली लिहिणारी मुलंही संहिता हातात देण्याआधी स्वतःच सांगून टाकतात. वडील वारलेत आणि घर विकायचंय. आंतरजातीय प्रेम आहे. आईला विस्मरण होतंय. मी बरीच वर्षं एकांकिका बसवतो आणि बसवतो त्याहून कितीतरी जास्त वाचतो. प्रेम, मृत्यू आणि घर यांच्यावरच्या संहितांचा गठ्ठा नेहमीच जाड असतो, आणि त्यांच्याबद्दलचा शेराही ठरलेला असतो: 'विषय जुनाच आहे.'

जुना असणारच. माणसं पहिल्यापासून मरत आलीत आणि भाऊ पहिल्यापासून वाटणीवरून भांडत आलेत. त्यामुळे विषयाच्या नवेपणावर अशा एकांकिकेची पारख करणं मला मुळातच चुकीचं वाटतं. मी संहिता वाचताना एकच गोष्ट शोधतो. या घरात, या संध्याकाळी, ही माणसं हातांनी काय करताहेत?

एका तरुण लेखकाची संहिता सांगतो. वडील जाऊन महिना झालाय. घरात आई आणि दोन मुलगे. वडिलांचा मोबाइल अजून टेबलावर चार्जिंगला लावलेला, कारण गॅसपासून बँकेपर्यंत सगळं त्याच नंबरला जोडलेलं आहे. थोरला म्हणतो, नंबर बदलून घेऊ. धाकटा म्हणतो, राहू दे की. बोलता बोलता नंबर बाजूला राहतो आणि घर कुणाच्या नावावर करायचं ते निघतं. तेवढ्यात सिलिंडरवाला दारात येतो आणि कोड मागतो. कोड वडिलांच्या फोनवर आलेला, फोनला पॅटर्नचं लॉक. दोघेही अंदाजानं बोट फिरवून बघतात, उघडत नाही. आई कणकेचे हात पदराला पुसत बाहेर येते, एका झटक्यात पॅटर्न काढते, कोड वाचून दाखवते आणि परत आत जाते.

बस्स, एवढंच घडतं. ही बाई हा फोन कधीपासून उघडते? दवाखान्यातल्या रात्रींपासून, की नवरा गेल्यावर रोज रात्री, सगळे झोपल्यावर? संहिता सांगत नाही. दोन्ही मुलगे मात्र दाराकडे बघत उभे राहतात आणि घर नावावर करण्याचं बोलणं पुढची पाच मिनिटं कुणालाच उचलता येत नाही. त्या नवरा-बायकोचं प्रेम, तिचं दुःख आणि मुलांचं आईला न ओळखणं, तिन्ही त्या एका बोटाच्या फिरण्यात येतात.

तालमीत सगळा प्रश्न त्या बोटाच्या वेगाचा होता. आई करणारी मुलगी सुरुवातीला फोन हातात घेऊन थांबायची. तिचे डोळे भरायचे आणि प्रसंग तिथेच बसकण मारायचा, कारण रडणं आधी आलं आणि फोन उघडणं मागे राहिलं. मग आम्ही तिला घाई दिली. आत तव्यावर पोळी टाकलीय आणि ती करपेल, एवढंच डोक्यात ठेव म्हटलं. बोट सरळ गेलं. कोड वाचून झाल्यावर सिलिंडरवाला झालेला मुलगा आपल्या मनानंच म्हणाला, "परत सांगा मावशी, ऐकू नाही आलं." तिनं तेच आकडे परत वाचायला घेतले आणि तिसऱ्या आकड्यावर तिचा आवाज गेला. तिला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. ते 'परत सांगा मावशी' आम्ही संहितेत कायम केलं. लेखकानं त्या प्रसंगानंतर आईला पानभर स्वगत दिलं होतं, आणि ते चांगलं लिहिलेलंही होतं. दोन तालमी बघून त्यानं आपणहून त्यावर पेन्सिलीची रेघ मारली.

दोन अंकी नाटकात गेलेल्या माणसाची ओळख करून द्यायला लेखकाजवळ वेळ असतो. मध्यंतरापर्यंत तो माणूस प्रेक्षकाच्या घरचा होऊन जातो. एकांकिकेजवळ अर्धा-पाऊण तास. त्यात गेलेला माणूस कसा होता हे दुसऱ्यांच्या तोंडून सांगायला गेलं की श्रद्धांजलीची सभा होते. तो कळतो तो त्याच्या मागे राहिलेल्या वस्तूंमधून आणि त्या वस्तू कुणाला कशा हाताळता येतात यातून. दुःखाच्या हाताला काम द्यावं लागतं, असं मी मुलांना सांगतो आणि जे. एम. सिंगची 'रायडर्स टू द सी' वाचायला देतो. १९०४ साली डब्लिनमध्ये पहिला प्रयोग झालेली ही एकांकिका आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावर घडते. समुद्रानं घरातले पुरुष एकामागून एक नेलेत. दूर उत्तरेला सापडलेल्या एका प्रेताच्या अंगावरचे कपडे घरी येतात आणि दोघी बहिणी मोज्याचे टाके मोजायला लागतात. ते विणताना आपण किती टाके घातले आणि किती सोडले, हे धाकटीला आठवत असतं. आकडा जुळतो आणि भाऊ गेला हे नक्की होतं. शेवटी आणखी एका मुलाचं प्रेत घरात येतं. शवपेटीसाठी पांढऱ्या फळ्या घरात आधीच आणून ठेवलेल्या असतात, फक्त खिळे आणायचे राहिलेले असतात. फळ्या आणताना म्हाताऱ्या आईला खिळ्यांचा विसर कसा पडला, याचं तिथल्या एकाला आश्चर्य वाटतं. मला तो विसर त्या नाटकातल्या सगळ्या विलापापेक्षा भारी वाटतो.

आपल्याकडे ही नजर दिवाकरांजवळ होती. दिवाकर म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे, १८८९ ते १९३१. त्यांच्या नाट्यछटा शाळेत पाठ करून म्हणायच्या गोष्टी झाल्या आणि तिथेच राहिल्या, याची मला फार हळहळ वाटते. 'पंत मेले – राव चढले' पुन्हा वाचून बघा. एका घरात पंत गेल्याचा आकांत, दुसऱ्या घरात त्यामुळे रावांना बढती मिळाल्याचा आनंद. दोन घरं शेजारी मांडून दिवाकर बाजूला होतात. कुणाला दोष देत नाहीत, कुणाची बाजू घेत नाहीत. इतक्या थोड्या जागेत मृत्यूचा घरावर आणि पगारावर होणारा परिणाम एकदम दाखवणं आजही फार थोड्यांना जमतं. ज्याला घरातल्या दुःखावर एकांकिका लिहायची आहे, त्यानं दिवाकरांपासून सुरुवात करावी.

प्रेमाचं गणित थोडं निराळं. प्रेमाच्या संहितांमध्ये माणसं प्रेमाविषयी फार बोलतात आणि नट एकमेकांकडे फार बघतात. मला आवडलेल्या एका छोट्या नाटकात दोन खोल्यांच्या घरात नवं जोडपं राहतं आणि सासू सतत समोर बसलेली असते. दोघं वाळलेल्या चादरींच्या घड्या घालतात. बोलणं दुधाच्या बिलाचं. पण चादरीची टोकं जुळवायला दर घडीला जवळ यावं लागतं आणि दर वेळी बोटं क्षणभर जास्त रेंगाळतात. सासू हे बघते आणि दुसरी चादर त्यांच्याकडे सरकवते. ही सासू लिहिणाऱ्या मुलीला कुटुंब म्हणजे काय ते पक्कं कळलेलं आहे.

हे सगळं दिसण्यासाठी रंगमंचावर शांतता लागते, आणि ती आपणच घालवतो. प्रसंग जरा हळवा झाला की बासरी किंवा पियानो सुरू, निळा प्रकाश, मग ब्लॅकआऊट. अर्ध्या तासात आठ ब्लॅकआऊट आले की प्रेक्षक प्रत्येक वेळी त्या घरातून बाहेर पडतो आणि त्याला परत आत आणण्यात नटांचा जीव जातो. संगीतानं आधीच सांगून टाकलं, आता वाईट वाटून घ्या, तर बिचाऱ्या नटानं करायचं काय? म्हणूनच पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेची तांत्रिक अंगांपेक्षा लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयाला महत्त्व देण्याची परंपरा मला मोलाची वाटते. साध्या उजेडात, एका टेबलावर आणि दोन खुर्च्यांवर घर उभं करायची सवय तिथे लागते. पण स्पर्धेची एक अडचण राहतेच. विनोदी एकांकिकेला दाद मिळते ती सगळ्या सभागृहाला ऐकू येते. शोकाच्या एकांकिकेला मिळालेली दाद म्हणजे तिथली शांतता. ती परीक्षकांना नोंदवता यायला हवी, आणि त्यासाठी निकालाआधी निदान एकदा त्यांनी एकमेकांना विचारावं की कोणत्या क्षणी सभागृहातला खोकला थांबला होता.

छोट्या नाटकाला नीट वाचणारं माणूस भेटलं तर काय होतं, याचा पुरावा मराठी रंगभूमीजवळ आहे. महेश एलकुंचवारांची 'सुलतान' १९६७ साली 'सत्यकथा' मासिकात छापून आली. ती दिग्दर्शिका विजया मेहतांच्या नजरेत भरली आणि त्यांनी एलकुंचवारांच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. त्या नजरेचं श्रेय मी लेखणीच्या श्रेयाइतकंच मानतो. आज लिहिणारी मुलं कमी नाहीत. स्पर्धेच्या एका प्रयोगानंतर त्यांच्या कितीतरी चांगल्या संहिता फाइलमध्ये जातात, कारण निकालात नाव आलं नाही की त्यांच्याबद्दल कुणी बोलत नाही.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. अंतिम फेरीची तिकिटं मिळवायला धडपडता, तसं एखाद्या दुपारी प्राथमिक फेरीलाही जा. पुण्यात असाल तर भरत नाट्यमंदिरात जा, नाहीतर तुमच्या गावात जिथे कुठे स्पर्धा होत असेल तिथे जा. मागच्या रांगेत न बसता पुढे बसा, म्हणजे हात दिसतील. आणि प्रयोग संपल्यावर लेखकाला शोधून काढा. तो बहुतेक वेळा विंगेत सामान आवरत असतो. त्याला 'छान झालं' एवढंच सांगून निघू नका, आणि विषयाबद्दल तर बोलूच नका. नेमक्या कोणत्या जागी तुम्हाला काय झालं ते सांगा. पुढची संहिता लिहायला त्याला तेवढं पुरतं.